मेम्ब्रेनच्या खोलीतली खंडेनवमी

दगडोबाला छताची भीती होती, आणि ती काही उगाच नव्हती. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीचं माळवद आई-बापावर बसलं, तेव्हा हा दहा वर्षांचा पोरगा अंगणात निजला होता म्हणून वाचला. तेव्हापासून कुठंही गेला की आधी मान वर करून बघणार. लेक तनुजा डॉक्टरकीच्या क्लासपायी लातुरात चौथ्या मजल्यावर राहायची, त्या काळजीनं याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

नोकरी मात्र झकास. गावाबाहेरच्या बायोगॅस प्लांटवर तो ऑपरेटर होता. शेणातून, कारखान्याच्या मळीतून निघालेला गॅस जोरानं दाबून केसासारख्या बारीक, पोकळ नळ्यांच्या जुडग्यात सोडायचा. त्यालाच मेम्ब्रेन म्हणतात. कार्बन डायऑक्साइड नळ्यांच्या अंगातून बाहेर झिरपतो आणि गाडीत भरायचा मिथेन सरळ पुढं जातो. टाकाऊ वायू पाइपानं छपराबाहेर. इंजिनिअरनं बजावलं होतं की या वायूला वास नाही, जड असतो, खाली साचतो. म्हणून तर गुडघ्याएवढ्या उंचीवर जाळीच्या तोंडाची एक डबी बसवली होती. वायू साचला की ती बोंबलणार.

खंडेनवमीला दगडोबानं पान्यापासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं पुसून पुजलं. मग ती डबी दिसली. एवढी राखण करते बिचारी, तिला कोरडं कसं ठेवायचं? जाळीवर ओलं कुंकू थापलं, वर अक्षता चिकटवल्या. झालं, डबीचं तोंड बंद. आता या भोळ्या माणसावर रागवावं तरी कसं, तुम्हीच सांगा.

तनुजा सणाला आली होती. क्वार्टरात उकाडा मरणाचा. मेम्ब्रेनच्या खोलीत एसी, आणि वर हलका पत्रा. दगडोबानंच तिथं खाली सतरंजी अंथरली. म्हणाला, "इथं बस वाचत. वरून काय पडायचं न्हाई."

दार एसीसाठी लावून घेतलेलं. कॉम्प्रेसरच्या हादऱ्यानं टाकाऊ वायूच्या पाइपाचा खोलीतला जोड ढिला झाला होता, तो कुणाच्या ध्यानातही आला नाही. वायू मुकाट जमिनीवर पसरत राहिला.

दुपारी दगडोबाची बायको केवळाबाई लेकीला पुरणपोळीला बोलवायला आली. दगडोबानं दाराच्या काचेतून आत पाहिलं. पोरगी पुस्तकावर डोकं टेकून निजलेली. बापाचे डोळे भरून आले. अरे बाबा, उघड की दार! त्या घडीला ओढून बाहेर काढली असती तर पोरगी हाताला लागली असती, असं डॉक्टर मागनं म्हणाले.

केवळाबाईनं कडीला हात घातला. त्यानं तो हळूच बाजूला केला.

"निजू दे तिला. महिनाभर डोळ्याला डोळा न्हाई लेकराच्या."

आणि कुणी दार वाजवू नये म्हणून तो खुर्ची ओढून दाराशीच बसला.