म्हातारी नंबर दोन

शूटिंगमध्ये काम कमी आणि बसणं जास्त. सकाळी सातला बोलावतात, बारापर्यंत बसवतात, मग जेवायला सोडतात, आणि जेवून आलं की उजेड गेला म्हणतात. बसलं की माणूस बघतं, ऐकतं, आणि किस्से साचत जातात, वापरात नसलेल्या हौदात शेवाळ साचावं तसे. माझा हौद काठोकाठ भरलाय. थोडा उपसते.

मी शिवकांता, राहणार लातूर. तीस वर्षं बांगड्यांचं दुकान चालवलं. शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचन एसटीच्या पाट्यांवरून शिकले. नांदेड, भोकर, देगलूर, नायगाव ही माझी बाराखडी. ॲक्टिंगसुद्धा कोणी शिकवली नाही. बांगड्या भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो आणि तोंड समोर असतं. तोंड म्हणतं, "सासरी लई सुखात हाय," आणि हात आखडलेला असतो. असे किती हात धरले, त्याला मोजदाद नाही. आता मुंबईहून आलेली पोरं मला "इमोशन" समजावून सांगतात. मी ऐकून घेते. तेवढ्यात चहा येतो.

साठी उलटल्यावर या धंद्यात पडले. सिरियल, वेब सिरीज, शॉर्ट फिल्म, खताची जाहिरात, सगळं केलं. आणि एवढ्या कामांत मला एकदाही नाव मिळालं नाही! माझं स्वतःचं नव्हे, ते आहे चांगलं. कागदावरच्या बाईचं. हिरोच्या कुत्र्याला नाव असतं. मी मात्र "म्हातारी". गर्दी असली की "म्हातारी नंबर दोन". मी ठरवलं होतं, डोळे मिटायच्या आत एक तरी नाववाली बाई करायची.

बालाजीला तसं बजावूनही ठेवलं होतं. बालाजी म्हणजे नांदेडचा आमचा कोऑर्डिनेटर. लग्नाला मंडप आणि शूटिंगला म्हातारे, दोन्ही पुरवतो. "अक्का, नावाचं बघतो की!" असं दर वेळी म्हणायचा. मंडपवाल्याचा शब्द तो. वारा आला की उडणार!

* * *

पहिलंच काम. गरीब म्हातारी, दारात बसलेली. मी माझं ठेवणीतलं इरकल नेसून गेले. पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर जायचं तर काय चिंध्या नेसून जायचं?

डायरेक्टरनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "आजी, तुम्ही गरीब वाटत नाही."

"न्हाईच हाय मी."

मग त्यांनी एक फाटकं लुगडं आणलं. ते आधी चांगलंच होतं, माझ्यादेखत ब्लेडनं फाडलं. तोंडाला काजळी फासली. मेकअपवाली पोरगी माझ्या सुरकुत्यांवर पेन्सिलनं सुरकुत्या काढू लागली. मी म्हणाले, "पोरी, हे काम देवानं आधीच करून ठिवलंय की."

ती म्हणाली, "हो आजी, पण ते कॅमेऱ्यात दिसत नाही."

घ्या! चाळीस वर्षं नवऱ्याला दिसलं नाही, आता कॅमेऱ्यालाही दिसेना.

* * *

नायगावचे मनोहर गुरुजी माझे जोडीदार. रिटायर हेडमास्तर. कुठलंही शूटिंग असो, गुरुजी सरपंच. फेटा स्वतःचा, मिशी स्वतःची, पिशवीत बंडी कायम इस्त्री केलेली.

भोकरच्या बाजूला एका गावात शूटिंग होतं. ग्रामसभेचा सीन. गावचा खरा सरपंच हौसेनं खुर्चीत येऊन बसला. जीन्स, पांढरे बूट, कानात इअरफोन. डायरेक्टर म्हणाला, "दादा, जरा बाजूला व्हा. तुम्ही सरपंच वाटत नाही."

"आवो, मी हायेच की सरपंच!"

"असाल हो. वाटत नाही."

त्याला उठवलं, गुरुजींना बसवलं. लाइट लावायला दोन तास गेले. तेवढ्यात गावातली माणसं रांगेनं येऊ लागली. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या बांधाचं भांडण. गुरुजी पडले हेडमास्तर, समोर अर्ज आला की हात आपोआप चालतो. त्यांनी सगळं ऐकलं, दोघा भावांना कान धरून समोरासमोर बसवलं, बांधाचं मिटवून टाकलं. नळाच्या अर्जातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि अर्ज खऱ्या सरपंचाकडे सहीला पाठवला. त्यानंही गपगुमान सही केली.

परवा त्या गावचा माणूस लातूरच्या मोंढ्यात धान्य घेताना भेटला. म्हणाला, "अक्का, शूटिंग पुन्हा कधी हाय? आमची लई कामं अडून राहिलीत."

* * *

सेल्फ टेप म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोबाइलसमोर उभं राहायचं. नाव, वय, उंची सांगायची. डावीकडून तोंड दाखवायचं, उजवीकडून दाखवायचं, तळहात दाखवायचे, चार पावलं चालायचं. मग पाठवून द्यायचं आणि निरोपाची वाट बघत बसायचं.

मला सगळं तोंडपाठ होतं! सोळाव्या वर्षी उदगीरहून पाव्हणे आले होते, त्यांनी हेच करायला लावलं होतं. फरक एवढाच, तेव्हा पोहेसुद्धा मीच केले होते.

तर टेप पाठवली. भूमिका होती पंच्याहत्तरीच्या आजीची. सिरियलमध्ये रोज दिसणारी, आणि नाववाली! चार दिवस फोन उशाशी घेऊन झोपले. पाचव्या दिवशी बालाजीचा फोन.

"अक्का, तुमचं काम लई आवडलं त्यान्ला. पर तुमी जरा तरण्या वाटायलाव म्हणं."

"असं? मग घेतलं कुणाला?"

"हाय एक मुंबईची. चाळीस वर्साची. तिला म्हातारी करणार हायेत."

* * *

एका सेटवर भाषेचे मास्तर होते. मराठवाडी बोली शिकवायला खास पुण्याहून आणलेले. हातात वही, गळ्यात चष्मा. माझी एक ओळ होती. म्हणून दाखवली.

मास्तर मान हलवून म्हणाले, "अं... आजी, हे मराठवाडी वाटत नाही."

मी म्हणाले, "बरं."

"थोडं रांगडं. मातीतलं. असं पोटातून."

मी पुन्हा म्हणाले. तेही त्यांच्या पोटात उतरेना. तिसऱ्यांदा त्यांनीच करून दाखवलं. ते ऐकून आमचे मनोहर गुरुजी उठून बाहेर गेले. मग माझा तोल सुटला.

"आरं ए भाड्या, माझी उमर गेली ह्या मातीत! तुझ्या वहीच्या बापाला ठावं न्हाई ते माझी म्हैस बोलती! उगं कामून डोस्कं खायलास? उठ तिथनं, न्हाईतर तुझी वही चुलीत घालती आन् त्यावर चहा करती!"

मास्तर हळूच पुढे आले. पेनाचं टोपण काढलं.

"आजी, म्हशीपासून परत एकदा म्हणाल?"

म्हणाले मी. दुसऱ्या दिवशी सगळंच्या सगळं हिरॉइनला दिलं. लोकांनी त्या सीनला टाळ्या वाजवल्या म्हणे. मी मागे दळत बसलेली आहे, नीट बघितलं तर दिसते.

* * *

एकदा खरंच चांगल्या सिरियलमध्ये काम केलं. मोठं चॅनेल. गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्या घरी जमल्या. मी चिवडा केला. जाहिराती संपल्या, बाजाराचा सीन आला. हिरो हिरॉइनला शोधत चाललाय, भाज्यांचे ढीग, आणि कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली पाठ. पाठ एकदा हलली. सीन संपला.

चिवड्याचा तेवढा आवाज. शेवटी शेजारची सुमन म्हणाली, "अक्का, पाठीनं लई मन लावून काम केलंय बगा."

* * *

आणि मग एके दिवशी बालाजी फोनवर ओरडलाच.

"अक्का! नाव भेटलं! कागदावर छापून आलंय. गयाबाई!"

मी लातूरभर सांगून आले. गुरुजींनी नायगावहून फोन करून अभिनंदन केलं. गयाबाई! वजनदार नाव. देगलूरच्या पुढे एका खेड्यात शूटिंग होतं. बालाजी जीप घेऊन न्यायला आला. वाटेत मी चार वेळा विचारलं, गयाबाई बोलते कशी, चालते कशी, स्वभाव काय. तो आपला आरशात बघत "चांगली हाय, शांत हाय" म्हणत राहिला.

जीपमधून उतरले तर वाड्याच्या अंगणात तिरडी बांधणं चाललेलं.

"आरं, कोण गेलं?" मी दचकून विचारलं.

"गयाबाई," बालाजी म्हणाला, आणि जीपच्या पलीकडे झाला.

माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते लिहीत नाही. परतच फिरले असते. पण कागद हातात घेतला तर त्यावर ठसठशीत लिहिलेलं: गयाबाई. नाव सोडवेना! आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसालाही मानानं बसवून नेतात. इथं मला नाव दिलं आणि आडवी पाडली. पडले.

सीन असा, की मुलं रडतात, गावातल्या बाया रडतात. मुलं मुंबईची होती, "आई, आई" करून एका तालात रडली. बाया त्याच गावच्या, शूटिंगसाठी बोलावलेल्या. त्या कोरड्या ठणठणीत बसून राहिल्या. डायरेक्टर, तरणा पोरगा, हात जोडून म्हणाला, "मावशी, रडा ना."

ज्यांच्या घरात शूटिंग होतं त्या वत्सलाबाई पुढे बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "आन् कुणाला रडावं, बाबा? हिचं म्हायेर कोणचं? लेकरं किती? हिनं आमाला काय दिलं, काय बोलली? काईच ठावं न्हाई, तर हेल कशावर काढावा?"

बरोबरच होतं. आमच्याकडे मयताला नुसतं भोकाड पसरून रडत नाहीत. गेलेल्या माणसाचं एकेक आठवून, त्याला हाक मारून, सुरावर रडतात. डायरेक्टरनं कागद चाळले. गयाबाईबद्दल पहिल्याच पानावर एकच ओळ होती: वय सत्तर, मृत.

मग मीच बोलले. डोळे मिटलेलेच ठेवून, तिरडीवरून.

"म्हायेर भोकरकडचं. माय लहानपणी गेली. चार लेकरं, त्यातली एक पोरगी ऱ्हायली न्हाई, तिचं नाव हिनं कुणाला सांगितलं न्हाई. ह्या गल्लीतली निम्मी बाळंतपणं हिच्या हातची. तोंडानं फटकळ, पर कुणाच्या दारात ताप आला की आधी ही. नांदेडला जाऊन एकटीचा एक फोटो काढायचा होता. कुणी नेलं न्हाई."

मग वत्सलाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि हेल काढला, "आगं माझ्या गयाबाईऽऽ, तुजा फोटो काढायचा ऱ्हायला गंऽऽ..." आणि सगळ्या फुटल्या. असा आक्रोश की डायरेक्टर "कट" म्हणायचं विसरला. कॅमेरावाला रडला. मुंबईची मुलंसुद्धा पहिल्यांदा नीट रडली. मी मात्र हलले नाही. पापणीही नाही! असं काम आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते बघायला मीच नव्हते.

वेशीपर्यंत नेऊन मला उतरवलं. चहा प्यायले, लातूरला आले. विषय संपला.

दहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. वत्सलाबाई.

"आवो बाई, जेवायच्या येळंला फोन केला, माफ करा. दारातून तिरडी निघाली, एवढं रडणं झालं. कुणाची का आसंना, दहावा करावाच लागतो. न्हाईतर घराला चांगलं न्हाई. गावानं म्हणलंय, दहावा झाल्याबिगर शूटिंग फुडं चालू देत न्हाई."

"मग करा की."

"केलाय वो! तुमची लेकरं मुंबईला पळाली, म्हणून डायरेक्टरला बसवलंय पिंडाला. पर कावळा शिवना झालाय. दोन घंटे झाले. फोटोचं बोललो, नांदेडला नेतो म्हणलो, तरी शिवना. गयाबाईचं आनखी काय ऱ्हायलं होतं?"

आमच्यात ना पिंड, ना कावळा. पण गयाबाईचं काय राहिलंय, ते मला पक्कं ठाऊक होतं.

"डायरेक्टरकडं द्या," मी म्हणाले.

"अक्का," त्याचा आवाज रडकुंडीला आलेला, "प्लीज काहीतरी सांगा. मी उघडा बसलोय. ऊन भाजतंय."

"हात जोड आन् मी सांगते ते मोठ्यांदा म्हण. फुडच्या पिक्चरमधी म्हातारीला नाव देईन."

तो म्हणाला.

"शिवला?"

"नाही. पत्र्यावर बसून बघतोय."

"आता म्हण. आन् तिला पहिल्या पानावर मारणार न्हाई."

मग त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, एकेक शब्द, सगळ्या गावासमोर. आणि लांबून बायांचा एकदम गलका ऐकू आला.

"शिवला! बाई, शिवला!"