लंकेतली पंगत

"पोटात जागा नसन त पायात असन, घे," असं म्हणत मामा वरणाची बादली ताटावर वाकवायचा. आमच्या वडनेर भोलजीत 'पुरे' म्हणायचं तर दोन्ही हात ताटावर आडवे धरावे लागतात. नुसता तोंडी नकार मामा होकारात धरायचा. एका लग्नात त्याने नवरदेवाला एवढं जेवू घातलं की घोडी पहिल्या वळणावरच बसली. खोटं वाटत असेल तर घोडीला विचारा.

गावातल्या बौद्ध मंडळींची सहल लंकेला निघाली, तेव्हा मामाची एकच अट होती. "विहार त पाहूच. पण तिथं गरिबायसाठी काय चालते, तेही पाहू."

म्हणून लंकेत उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमची बस एका वृद्धाश्रमासमोर उभी. तिथले गावकरी पाळीपाळीने येऊन रांधतात, म्हाताऱ्यांना वाढतात. पाहुण्यांनी वाढलं तर त्यांना आनंदच. मामाने भाताचा डाव उचलला.

पहिल्याच ओळीत एक काटकुळा म्हातारा. त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. हात काही आडवे केले नाहीत. मामाने भात वाढला. त्याने तोही संपवला. मामाने पुन्हा वाढला.

"वा बुढेबा, याले म्हणतात जेवणारा."

जळगाव जामोदहून सातपुडा दिसतो ना, तेवढा भात त्या ताटात आला आणि गेला. बुढेबाच्या कपाळावर घाम, डोळे बाहेर. सगळ्या ओळीची तीच गत.

तेवढ्यात आमच्या बसचा सिंहली वाटाड्या धावत आला. "मामाजी, बस. ये लोग थाली में छोड़ता नहीं. आप डालेगा, ये खायेगा."

मामाचा डाव पातेल्याच्या बुडावर खणकन वाजला. भात संपला होता. चूल विझली होती. शेवटच्या ओळीत म्हाताऱ्या रिकामी ताटं समोर घेऊन बसल्या होत्या. रांधणाऱ्या बाया खाली पाहत उभ्या.

मामाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तो आमच्याकडे वळला. "पिशव्या काढा."

पिशव्यांत आमच्या सहलभराच्या दशम्या.

"मामा, मंग आपण काय खायचं?"

"हवा खाय बे. काढ."

नारळाचा रस्सा थोडा उरला होता. मामाने दशम्या त्यात कुस्करून वाढल्या. टोकाच्या म्हातारीने पहिला घास तोंडात घेतला आणि नुसताच घोळवत राहिली. दात नव्हते. आम्ही सगळे तिच्या गालाकडे पाहत होतो. घास गिळला गेला. मग दुसरा. ताट रिकामं झालं.

मामाने दशमी उचलली, हात पुढे नेला आणि मध्येच थांबवला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "देऊ का, माय?"

तिला भाषा कळली नसेल. तिने ताट पुढे सरकवलं.

मामा वारला, त्यालाही आता दिवस झाले. गेल्या खेपेला आम्ही पुन्हा तिथे गेलो. बस दिसताच तो काटकुळा बुढेबा दाराशी आला. पळायच्या तयारीने आला की भेटायला, सांगता येईना. आम्ही एकेक करून उतरलो. सगळे उतरले, तरी तो बसच्या पायरीवर हात ठेवून आत वाकून पाहत होता.