पडद्यापुढची जागा

हरिहरकाकांनी मिरजेत आयुष्यभर फोटो स्टुडिओचे पडदे रंगवले. तळं, कमान, गुलमोहर, मागे निळे डोंगर. सांगली-कोल्हापूरकडची किती नवी जोडपी त्यांच्या तळ्याकाठी उभी राहून फोटोत गेली, याचा हिशोब नाही. पण त्यांच्या एकाही चित्रात माणूस नव्हता. मधली, पुढची जागा मोकळी सोडायची, हा त्या धंद्याचा पहिला धडा. तिथे गिऱ्हाईक उभं राहणार.

झाड नेमकं गिऱ्हाइकाच्या डोक्यातून उगवू नये म्हणून काका रंगवताना बायकोला, शामलाकाकूंना, त्या जागेवर उभं करायचे. त्या बिचाऱ्या लसूण सोलत उभ्या असायच्या आणि हे लांबून सांगायचे, "जरा डावीकडे सरक." हे सगळं मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. मंजूषा माझी हॉलंडातल्या फोरबर्गमधली शेजारीण.

२००५ साली काकू गेल्या आणि काकांनी ब्रश खाली ठेवला, तो ठेवलाच. पुढच्या वसंतात मंजूषानं त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं, रंग आणले, कॅनव्हास आणले. तिला एकच धास्ती होती. बाबांचा हात परत चालला नाही, तर मिरजेला जाऊन ते एकटे खुर्चीत बसतील आणि बसल्या बसल्या संपतील.

हात चालला. घरामागचा कालवा आला, पवनचक्की आली, इथलं ते पाणीदार आभाळ आलं. पण एकही चित्र पुरं होईना. मधली जागा तशीच मोकळी, आणि ब्रश धरून काका तिच्याकडे बघत बसलेले. मंजूषानं विचारलं, तर म्हणाले, "इथे कोणीतरी उभं असायचं गं." ती माझ्याकडे येऊन रडली. रडणाऱ्या माणसांपुढे मला काही सुचत नाही. म्हटलं, गुरुवारी मला सुट्टी आहे, काकांना हेगला संग्रहालयात घेऊन जाते.

तिथे सतराव्या शतकातल्या एका लहानशा चित्रापुढे काका जे थांबले, ते हलेचनात. सपाट जमीन, नदी, वर ढगच ढग. वाटेवर पाठमोरी एक बाई, तांदळाच्या दाण्याएवढी. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की निसर्ग एकाचा आणि माणसं दुसऱ्याच्या हातची. त्या काळी बरेच चित्रकार माणसं दुसऱ्याकडून घालून घ्यायचे. मी वाचून दाखवलं. काका चक्क हसले.

"म्हणजे हाही आमच्यातलाच. जागा सोडणारा." मग ते इतके पुढे वाकले की रखवालदार खाकरला. "पण वसुधा, हिला एवढ्या लांब का उभं केलंय?"

एव्हाना माझे पाय बोलायला लागले होते. "उभी कुठे आहे, काका? चाललीय ती. फोटो काढायला थोडीच आलीय!"

काका चित्राकडे पाठ करून दाराकडे निघाले. ट्राममध्येही खिडकीकडे तोंड करून बसले. झालं, म्हटलं, माझ्या या तोंडानं घात केला.

रविवारी सकाळी त्यांनीच माझी बेल वाजवली. मला कालव्याकाठी नेलं आणि वाटेवर उभं केलं.

"आता चालायला लाग."

"कुठे?"

"अशीच. सरळ. थांबू नकोस."

वारा असा, की मला पदर असता तर तो थेट बेल्जियमला पोचला असता. मी कुरकुरत निघाले. डावीकडे पाणी, उजवीकडे कुरण. ढगाची सावली मागून आली, माझ्यावरून गेली, पुढे गायींवरून गेली. कोणी सायकलवाला घंटी वाजवून विरून गेला. कधीतरी मी कुरकुरायची थांबले. आपण कशासाठी चाललोय हेही विसरले. वाटलं, आपण फार आधीपासून इथे चालतोय, ही घरं नव्हती तेव्हापासून, आणि आपलं नाव कोणाला ठाऊक असायची गरजच नाही. आभाळ एवढं मोठं होतं आणि मी त्यात अगदी बेतानं मावले होते. फार बरं वाटत होतं.

मग मागे वळून पाहिलं. काका काडीएवढे झाले होते. मला वाटलं, आता बोलावतील. त्यांनी हात वर केला आणि सावकाश हलवला. जा, जा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की ते ‘जा’ मला म्हणतच नव्हते. मला रडू आलं. तशीच चालत राहिले.

त्या दिवशी काकांनी मंजूषाकडे कॅनव्हास नाही, पडद्यासारखं मोठं कापड मागितलं. निघायच्या आदल्या दिवशी ते दिवाणखान्याच्या भिंतीवर लागलं. वर ढग, खाली कालवा. लांब, वाटेच्या वळणावर, ब्रशचे दोनच फटकारे. चिंतामणी रंगाचा ठिपका, त्याचा डावा खांदा जरासा उतरलेला.

मंजूषा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "आई."

"पिशवी नेहमी डाव्या हातात धरायची ना," काका म्हणाले.

"आणि ही पुढची जागा? ही मोकळीच ठेवलीत?"

"ती मोकळीच असते. चल, उभी राहा."

दोघं बापलेक पडद्यापुढे उभी राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. काकांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि मुलीचं कोपर हलकेच ओढलं.

"जरा डावीकडे सरक, मंजू. आई झाकली जातेय."