आखाजीचा मुराळी

धुळ्यात आमच्या शेजारी एक आबा राहत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यांच्या सणाला, सासुरवाशिणींना माहेरी आणायला भाऊ नाहीतर बाप जातो. आमच्या गल्लीत ज्या घरी कुणाला सवड नसे, तिथले मुराळी आबाच. धुतलेली टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत पोरीसाठी गोडी शेवेचा पुडा. सासूसमोर हात जोडून म्हणत, "पोरले लयी जास, माय. झोका तिनी वाट दखी ऱ्हायना." मग कुठल्याच सासूला नाही म्हणवत नसे.

त्यांची स्वतःची मुलगी जळगावात होती. तिने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हापासून आबा तिला आणायला कधी गेले नाहीत. दुसऱ्यांच्या लेकी आणणाऱ्या या माणसाचा मला रागच येई.

एका वर्षी माझ्या बहिणीला जळगावहून आणताना त्यांनी वाट वाकडी करून रिक्षा एका चाळीपुढे थांबवली. समोरच्या ओट्यावर त्यांची लेक पाठमोरी बसून कुरडया उलटत होती. आबा रिक्षातून उतरले नाहीत, नुसते बघत राहिले. बहिणीने हळूच विचारले, "आबा, हाक मारू का?"

"नको वं माय," आबा म्हणाले, "हाक मारशी तं ती यी जाई."