घाई नाही म्हणणाऱ्याला आधी फोन

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि भिडस्त इतके, की कुणी धक्का दिला तरी हेच माफी मागतात. छातीत कळ आली तेव्हा दुकानात एकटेच होते. रुग्णवाहिकेला फोन करून या माणसाने काय सांगावं? "जरा दुखतंय हो. घाई नाही, आधी दुसऱ्यांचं बघा!"

फोन मशीनने घेतला होता. हल्ली तिथे तेच आधी बोलतं आणि कुणाकडे गाडी आधी पाठवायची तेही तेच ठरवतं. त्याने यांचं म्हणणं अगदी शहाण्या मुलासारखं ऐकलं आणि यांना यादीत तळाला टाकलं.

नशीब आमचं, त्या दिवशी रुग्णवाहिकांचे फोन येतात त्या खोलीत आक्का कामावर होत्या. कानाला हेडफोन, पाठीशी उशी आणि जीभ अशी फटकळ की साहेबसुद्धा दबून असतात. उभा जन्म त्या खुर्चीत गेलाय. मशीन यायच्या आधीपासून त्यांची एक खोड आहे: यादी खालून वाचायची. पुढे मला म्हणाल्या, "अगं, ओरडणाऱ्याचं कुणीतरी ऐकतंच. घाई नाही म्हणतो ना, त्याचीच मला धास्ती वाटते."

त्यांनी यांना उलटा फोन लावला.

"काय होतंय?"

"काही नाही हो."

"काही नाही तर धाप का लागलीय? गप्प पडून राहा, गाडी निघालीय."

आणि तळातलं नाव त्यांनी सरळ वर नेलं. हे वाचले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा हे नर्सची माफी मागत होते, तिला त्रास दिला म्हणून!

पण मशीनने लावलेला क्रम माणसाने मोडायचा नाही, असा तिथला नियम. आक्कांना घरी बसवलं. ऐकून माझं डोकंच फिरलं. माझं कुंकू राखणारी बाई घरी बसणार?

तेवढ्यात या मशीनांसाठी कायदा करणाऱ्या समितीने कामाच्या माणसांना बोलायला बोलावलं. त्यात आक्काही होत्या. दुकानात येऊन म्हणाल्या, "चार लोकांत माझी बोबडी वळते. तुम्ही दोघं चला."

लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे माईक. कुणीतरी विचारलं, "मग मशीन बंद करावं का?"

"छे हो! एका दमात ढीगभर फोन घेतं ते, आम्हाला कुठले एवढे कान? राहू द्या. फक्त कायद्यात एवढं घाला, की मशीनने मागे ठेवलेल्याला माणसाने पुढे आणलं, तर त्या माणसाची नोकरी जाऊ नये."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. मग यांच्याकडे वळून आपुलकीने म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय?"

हे उठले, घसा खाकरला. "माझं काय हो, काही घाई नाही. आधी दुसऱ्यांचं ऐका."

सगळे हसले. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "बघा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी अगदी हेच बोलले होते."

हसू जागच्या जागी थांबलं. अध्यक्षबाईंनी पेन उचललं. "आक्का, मघाचं वाक्य पुन्हा सांगा. सावकाश."

कायद्याचं घोडं अजून अडलेलंच आहे, पण समितीत बोलणं झाल्यावर साहेबांनी आक्कांना परत खुर्चीत बसवलंय. मशीनवर माझा राग नाही. इतका संसार केला, तरी यांचं 'काही नाही' मलाही खरंच वाटतं. आक्कांना ते खरं वाटलं नाही, म्हणून आज सकाळी चहा नीट झाला नाही यावरून मी यांच्याशी भांडू शकले.