लांब रॉड

एकाच इंजिनासाठी आणलेले दोन कनेक्टिंग रॉड मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पडून होते आणि त्यांच्यावरून आण्णाचं नि माझं रोज वाजायचं. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिरोलीला फौंड्रीत कामाला. गाडी म्हणजे टू-स्ट्रोक मोटरसायकल, रेससाठी घेतलेली. बांधणार तो, चालवणार मी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. दसरा झाला की मातीच्या मैदानावर रेस आणि रेस झाली की आण्णा दुबईला, नोकरीवर.

कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावेच्या, मानानं तो किती लांब, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. आखूड असला की वळणातून बाहेर पडताना गाडी उसळी घेते, पण पिस्टन सिलिंडरला रेटून घासतो. लांब असला की पिस्टन सरळ चालतो, झीज कमी. उसळी मात्र मवाळ. शिवाय सिलिंडरखाली पट्टी घालून उंची वाढवायचा व्याप.

"मैदानात नुसती वळणंच हाईत. आखूड घाल," मी म्हणायचो.

"बघू की," म्हणून तो चहावर फुंकर मारायचा. त्या 'बघू की'चा मला भयंकर राग यायचा.

खंडेनवमीला मी कुरुंदवाडला मावशीकडे गेलो होतो. संध्याकाळी येऊन बघतो तर पाटावर पूजेची हत्यारं, पाने, पकडी आणि मधोमध हळदकुंकू लावून लांब रॉड बसवलेला! आखूड बिचारा कागदात गुंडाळून कपाटावर. पूजेतली वस्तू नको म्हणून बाजूला टाकायची आमच्या घरात सोय नव्हती. आईसमोर बोलणार कोण? मी चडफडत पाटाला नमस्कार केला.

दसऱ्याला आण्णा तो रॉड पेट्रोलनं धूत बसला, तेव्हा मी म्हणालो, "ह्यो तुझा डाव हाय."

"व्हय, हाय. मी गेल्यावर हे इंजिन उघडणार कोण? तू? ह्यो बसला की लय वर्सं उघडाय लागणार न्हाय."

रेसमध्ये दर वळणाला पोरं मला मागं टाकत होती. सरळ पट्टीत मी त्यांना गाठायचो, पुढच्या वळणाला पुन्हा तेच. नंबर काही आला नाही. आण्णा मात्र इंजिनाजवळ वाकून आवाज ऐकत खुशीत होता. मग तो गेला.

गेला तो तिकडचाच झाला. आता येतो तेव्हा परतीचं तिकीट खिशात घेऊनच येतो. मी रेस सोडली, गाडी विकली नाही. सुट्टीला शिरोलीपर्यंत फेरी मारतो. मेली पहिल्या किकला सुरू होते. त्या इंजिनाला आजवर कुणी पाना लावलेला नाही.

"आवाज कसा हाय?" तो फोनवर विचारतो.

"झकास," मी सांगतो. त्याला बरं वाटतं. मला वाटत नाही. आण्णाची फार आठवण आली की मी हायवेला मूठ मुद्दाम पुरी पिळतो आणि कान देऊन ऐकतो. एकदा तरी आत काहीतरी वाजावं. मग त्याला म्हणता येईल, आण्णा, इंजिन उघडाय लागतंय, ये.