माझा पार्टनर आणि हरवलेला स्थिरांक

गडमुडशिंगीतल्या आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आप्पा कागलच्या एमआयडीसीत भट्टीवर, आई लोकांच्या गोठ्यात शेणघाण काढायला. अशा घरातनं मी इंजिनिअरिंगला गेलो आणि प्रोजेक्टला पार्टनर मिळाला तो असा, की जगात काहीच हरवत नाही यावर एवढा विश्वास असलेला दुसरा माणूस भूतलावर नसेल. मंगळवार पेठेतला. एका लग्नात त्याची चप्पल गेली, तर गडी मांडवभर पावण्यांचे पाय न्याहाळत हिंडला आणि थेट नवरदेवाच्या मामांपुढं जाऊन उभा राहिला. "मामा, पायातली माझी हाय. सावकाश काढा, गडबड न्हाय." चप्पल घेऊनच जेवायला बसला.

शेवटच्या परीक्षेला आम्ही रेडिओ दाखवणार होतो. बोटाएवढं यंत्र अँटेना लावून कॉम्प्युटरला जोडायचं, बाकी सगळा रेडिओ पायथनच्या प्रोग्रॅममध्ये. घरी झकास वाजला होता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मात्र त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आणि पडद्यावर एरर: आवाज गाळणाऱ्या फिल्टरच्या भागात 'हॅमिंग' नावाचा स्थिरांकच नाही. बाहेरनं आलेले परीक्षक म्हणाले, "पुढची जोडी बोलवू का?" नापास झालो तर मिळालेली नोकरी जाणार होती.

"त्या नावापुढं कुठलातरी आकडा ठोकतो," मी कुजबुजलो. त्यानं माझं मनगटच धरलं.

"कुणालाबी उभा करून त्येचं नाव देतोस व्हय? आवाजाचं वाटुळं हुईल."

"अरे लेका, नाहीच म्हणतंय ते!"

"हितं न्हाय म्हणतंय. गावात न्हाय म्हणलंय का?" मग परीक्षकांकडं वळून, "सर, दमा की वाईच."

आणि सॉफ्टवेअरचा एकेक भाग उघडून त्यातली नावं हा हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं वाचत सुटला. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात आरोळी आली, "घावलं!" नव्या आवृत्तीत हॅमिंगची रवानगी 'विंडो' नावाच्या भागात झाली होती. आम्ही प्रोग्रॅममधला त्याचा पत्ता बदलला. आधी खरखर, मग एका बाईंचा स्वच्छ आवाज: वांग्याचा बाजारभाव. परीक्षकांनी तो कोथिंबिरीपर्यंत ऐकला आणि मगच मार्क लिहिले.

पदवी घ्यायला मात्र मी एकटाच गेलो. त्याचा गणिताचा पेपर राहिला होता. त्या दिवशीच्या फोटोत माझ्या शेजारी कुणीतरी भलताच उभा आहे, आणि फोटो बघताना अजून चुकल्यासारखं वाटतं. पुढच्या वर्षी त्याचं गणित सुटलं. त्याच्याही घरात तोवर कुणी कॉलेज पुरं केलं नव्हतं. आता दोन्ही घरांत एकेक इंजिनिअर आहे.